सायकलने ऑफिस: बूड, मनगट, पाठ आणि घाम यांचं काय करायचं?

निवांत
नमस्कार मंडळी, कोथरूड ते बाणेर सायकलने ऑफिसला जाते, एका बाजूने बारा-तेरा किलोमीटर पडतं. नळस्टॉप, लॉ कॉलेज रोड, सेनापती बापट रोडचा चढ, मग विद्यापीठ चौक (मेट्रोच्या कामामुळे तिथे बघावं तेव्हा नवा नकाशा), पुढे पाषाण रोडची झाडी, एनसीएल (रासायनिक प्रयोगशाळा) आणि बाणेर-पाषाण लिंक रोड. सायकल हायब्रीड (रोड आणि माउंटन बाइकच्या मधली), ७०० बाय ३५ टायर (म्हणजे ३५ मिमी रुंद), पुढे तीन मागे आठ गिअर, सस्पेन्शन नाही. चालवायला मजा येते हे आधीच सांगते, नाहीतर सोडून द्या म्हणणारे पहिले येतील. पण त्रास आहेतच. बूड दुखतं, म्हणजे अर्ध्या रस्त्यानंतर सीटवर सारखी जागा बदलत राहायचं, डाव्या हाताच्या करंगळीला मुंग्या येतात, पाठीवर लॅपटॉप आणि डबा त्यामुळे पाठ ओलीचिंब, आणि ऑफिसात पोचल्यावर पहिला अर्धा तास मी चारचौघांत बसायच्या लायकीची नसते. दुकानदार म्हणतो जेलचं कव्हर टाका, भाऊ म्हणतो सस्पेन्शनवाली घे, शेजारचे काका म्हणतात आमच्या वेळी अख्खं पुणं सायकलवर होतं आणि कुणाचं बूड दुखत नव्हतं. नवी सायकल घेण्याइतकं बजेट नाही आणि इच्छाही नाही. आहे त्यात काय करता येईल?

ऑफिसला_उशीर
ॲक्टिव्हा घ्या. धागा संपला. (हलके घ्या.)

पाना_पक्कड
निवांतताई, एवढ्यात काहीच विकत घेऊ नका. आधी पाना हातात घ्या. तुमच्या चारपैकी दोन तक्रारी तर सीट आणि हँडल कुठल्या जागी आहेत यातूनच येत असणार.

दुकानात सायकल देताना सीट बहुतेक वेळा खाली ठेवतात, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले की गिऱ्हाइकाला बरं वाटतं. चालवताना मात्र पाय नीट उलगडत नाहीत, पायडलवर वजन पडत नाही आणि सगळा भार बुडावर येतो, वर गुडघे बोंब मारतात ते वेगळंच. तर सायकल भिंतीजवळ घ्या, भिंतीला हात टेकून सीटवर बसा, ऑफिसला घालता तेच बूट घाला, एक पायडल पार खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. कंबर न कलता पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा ठेवलात की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. चालवताना मागून कुणाला तरी बघायला सांगा, कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल तर सीट जास्त वर गेली.

आकडाच हवा असेल तर अनवाणी पायांनी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, जाड पुठ्ठ्याची वही दोन्ही पायांमध्ये घट्ट वर ओढा, वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा आणि ०.८८३ ने गुणा. पायडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या बिंदूपासून सीटच्या माथ्यापर्यंत, नळीच्या रेषेत, साधारण तेवढं अंतर पाहिजे. ७६ सेंमी आलं तर ६७ च्या आसपास. हे देववाक्य नाही, सुरुवात करायला एक जागा मिळते इतकंच. एकदम दोन इंच चढवू नका, चार-पाच मिलिमीटर वाढवायचं, काही दिवस चालवायचं, मग परत. सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांडीवर, स्केचपेनने खूण करून ठेवा, पार्किंगमध्ये कुणी ना कुणी ती सीट खाली करतंच. आणि सीटपोस्टवर एक रेघ कोरलेली असते, ती नळीच्या बाहेर दिसायला लागली की तिथेच थांबायचं, त्याच्या वर गेलं तर नळी वाकते किंवा मोडते.

दुसरं म्हणजे सीट सपाट आहे का. गवंड्याची पाणसळ मिळाली तर छानच, नाहीतर मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप सीटवर ठेवून बघा. सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर असेल तर नको तिथे दाब येतो. नाक खाली असेल तर माणूस पूर्ण वेळ पुढे घसरत राहतो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो. तुमची करंगळी बघता मला हाच संशय आहे.

निवांत
काका, आत्ता पार्किंगमध्ये जाऊन बघून आले. नाक चांगलंच खाली झुकलंय. आणि टाच ठेवली तर गुडघा स्पष्ट वाकलेला राहतो.

पाना_पक्कड
मग झालं. सहा नंबरची ॲलन की लागेल बहुतेक, सीटच्या खाली बोल्ट आहे. सपाट करा, दोन मिलिमीटर नाक खाली राहिलं तरी चालेल, जास्त नको. ढिला करताना सीट पुढेमागे सरकते, आधी फोटो काढून ठेवा.

सोनचाफा
मी जेल कव्हर वापरते, मला तरी आराम वाटतो. उगाच सगळं पाना-पक्कड करायची गरज नसते दर वेळी.

घाटवाट
सोनचाफा, तुमचं अंतर किती? दोन-तीन किलोमीटरला जेल भारीच वाटतं. लांब जायला लागलं की त्याचा त्रास सुरू होतो. आपण सीटवर बसतो ते बुडाच्या दोन हाडांवर. जाड जेल असलं की हाडं त्यात रुततात आणि मधला भाग फुगून वर येतो, आणि तो दाब नेमका अशा ठिकाणी जिथे नसा आणि रक्तवाहिन्या आहेत. म्हणून लांब पल्ल्याच्या सायकलींची सीट बघायला दगडासारखी असते. वर कव्हर सरकतं ते वेगळंच, मांडीला घासत राहतं.

सीट बदलायचीच वेळ आली तर मऊ किती यापेक्षा रुंद किती ते बघा. घरी मोजता येतं. खोक्याचा नळीदार पुठ्ठा घ्या, कडक स्टुलावर ठेवा, थोडं पुढे झुकून त्यावर बसा, उठल्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्यात दोन-अडीच सेंटिमीटर मिळवा, तेवढी रुंद सीट. बायकांची ही दोन हाडं सरासरीने एकमेकांपासून जास्त दूर असतात आणि सायकलबरोबर येणारी सीट बरेचदा पुरुषांच्या मापाने येते, त्यामुळे ताई, उंची आणि सपाटी करूनही दुखलं तर हे करून बघा. मात्र लगेच नको. नवीन सायकलवाल्याचं बूड पहिले काही आठवडे दुखतंच, ते सगळ्यांचंच.

पाना_पक्कड
शेजारच्या काकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही बरं का. जुनी काळी रोडस्टर, म्हणजे ॲटलस, हर्क्युलस वगैरे, तिच्यावर माणूस ताठ बसायचा, हँडल उंच आणि मागे वळलेलं, सीट रुंद, कातड्याची, खाली जाड स्प्रिंगा. ताठ बसलं की सगळं वजन बुडावर म्हणून तिथे स्प्रिंग लागते. टायर २८ बाय दीड, चेनला पूर्ण बंद कव्हर, दोन्ही चाकांना लांब मडगार्ड, मागे कॅरिअर. ऑफिसला जायला लागणारं सगळं कंपनीतूनच बसवून यायचं. गिअर नव्हते आणि वजन वीसेक किलो, त्यामुळे चढावर उतरून ढकलायची आणि त्यात कुणाला लाज वाटत नव्हती. आता हायब्रीड घेतो, हलकी येते, गिअर मिळतात, पण मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी सगळं वेगळं घ्यायचं. ॲटलसने साहिबाबादचा कारखाना बंद केला तो ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिन. त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. असो, अवांतर झालं.

वाटी_सरकली
फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून दोन शब्द. करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट, एवढ्यातच मुंग्या असतील तर तळहाताच्या करंगळीकडच्या गादीजवळून जी नस जाते ती दबतेय. कोपर ताठ लॉक करून सायकल चालवली की प्रत्येक खड्डा थेट मनगटात जातो, कोपर सैल ठेवा. मनगट मागे मोडलेलं नको, हाताच्या रेषेत सरळ पाहिजे. त्यासाठी ब्रेकची लिव्हर बघा, ती आडवी असेल तर बोटं तिच्यावर ठेवताना मनगट वर वाकतं. लिव्हर थोडी खाली फिरवली की काम होतं, एक स्क्रू ढिला करायचा असतो फक्त. मागच्या बाजूला चपटे पंख असलेली रबरी ग्रिप मिळते, ती चांगली. ग्लोव्हज पातळ पॅडचे घ्या, फुगीर पॅडचे तीच नस दाबतात. सिग्नलला हात सोडून झटका. एवढं करूनही मुंग्या सायकलवरून उतरल्यानंतर टिकत असतील किंवा पकड कमी वाटत असेल तर धागा वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा.

गुडघ्याबद्दल कुणी विचारलं नाही पण विचारणारच आहेत. वाटीच्या पुढे दुखत असेल तर बरेचदा सीट खाली असते, मागच्या बाजूला शिरेत ओढल्यासारखं होत असेल तर सीट वर. आणि जड गिअरमध्ये दात-ओठ खात चढ चढणं बंद करा. सेनापती बापट रोडला पुढची सगळ्यात छोटी चकती लावा, पाय भराभर फिरू देत, मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे. हळू दिसतं पण गुडघे टिकतात आणि घामही कमी येतो.

ऑफिसला_उशीर
छोट्या गिअरमध्ये पाय गरगर फिरवत चाललेला माणूस शेजारून बघायला फार गमतीदार दिसतो हे नमूद करतो.

वाटी_सरकली
दिसू दे. पन्नाशीत तो जिना चढेल आणि तुम्ही लिफ्टची वाट बघाल.

घाटवाट
टायरमधली हवा राहिली. सस्पेन्शन सस्पेन्शन करतात लोक, पण ऑफिसच्या रस्त्याला तुमचं सस्पेन्शन टायरमध्येच असतं. दुकानदार ठणठणीत हवा भरून देतो, टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा बघून. तो आकडा कमाल मर्यादा असतो, तेवढी भरायलाच पाहिजे असं नाही. ३५ च्या टायरला, साठेक किलो वजनाला, मागे ५० आणि पुढे ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुष्कळ झाले. मागे जास्त कारण वजन मागे जास्त पडतं, कॅरिअरवर सामान आलं की मागे आणखी चार-पाच वाढवा. फारच कमी ठेवली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात. म्हणजे मोजून भरायला पाहिजे, अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यात वीस पीएसआयचा फरक सहज पडतो. गेज असलेला उभा पंप घरी ठेवा, सगळ्यात आधी पैसे खर्च करायचे तर यावर. ट्यूबमधून हवा तशीही थोडी थोडी जातच असते, आठवड्यातून एकदा भरायची.

भावाला सांगा, स्वस्तातल्या सस्पेन्शनने सायकल बरीच जड होते आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की जोर फोर्क (पुढच्या चाकाचा चिमटा) दाबण्यात जातो. जागा असेल तर ३८ चा टायर टाका, तेवढ्यानेही पेव्हर ब्लॉक कमी कळतात.

खाडीकिनारी
नवी मुंबईहून. मी वाशी ते बेलापूर पाम बीच रोडने जातो, चढ शून्य पण हवा अशी दमट की घाम वाळतच नाही, त्यामुळे या विषयात माझी पीएचडी आहे. पहिली गोष्ट, पाठीवरची सॅक काढा. बाकी काही नाही केलं तरी चालेल पण हे करा. पाठीला वारा लागला की निम्मा प्रश्न संपतो, आणि ते तीन-चार किलो वजन खांद्यावरून बुडावर आणि मनगटावर येत असतं ते पण जातं. मागे कॅरिअर लावा, फ्रेमला मागच्या चाकाजवळ स्क्रूची भोकं आहेत का बघा, हायब्रीडला बहुतेक असतात. कॅरिअरला बाजूने अडकवायच्या बॅगा मिळतात, एकच घेतली तरी चालते, डावीकडे लावा म्हणजे सायकल स्टँडवर कलते त्याच बाजूला भार राहतो... नाही थांबा, स्टँड कुठल्या बाजूला आहे त्यावर आहे ते, आणि आपली टाच बॅगला घासत नाही ना ते लावून बघूनच घ्या. बजेट नसेल तर प्लास्टिकचा क्रेट आणि दोन रबरी हुकवाल्या दोऱ्या, दिसायला दूधवाला पण काम चोख.

लॅपटॉपची काळजी सगळे करतात. आताच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये फिरणारी डिस्क नसते, धक्क्याने सहसा काही होत नाही, फोमच्या कव्हरमध्ये उभा ठेवा आणि बॅगच्या तळाशी जुना टॉवेल घाला. खरा धोका डब्याचा आहे. उसळ, आमटी, रस्साभाजी सायकलवरून नेऊ नये. डब्याला कितीही क्लिपा असू द्या, एक स्पीडब्रेकर पुरतो. मी लॅपटॉपचा चार्जर मटकीच्या रश्शातून बाहेर काढलेला आहे, त्यावर तर्री पण होती. आता फक्त पोळीभाजी, तीही फ्लॉवर-बटाटा छाप.

निवांत
तर्रीवर मोठ्याने हसले, शेजारचा बघायला लागला. घामाचं अजून सांगा ना, ऑफिसात शॉवर आहे पण तो बंद आहे, तिथे हाउसकीपिंगवाले बादल्या ठेवतात.

खाडीकिनारी
शॉवरची गरज नाही. सायकल चालू असते तोवर वारा घाम वाळवत असतो. थांबलो की वारा बंद, अंग मात्र तापलेलंच, म्हणून खरा घाम फुटतो तो लिफ्टमध्ये. त्यामुळे लगेच कपडे बदलू नका, बदललेत तर दुसरा शर्टही ओला. शेवटचे दोन किलोमीटर रमतगमत, हलक्या गिअरवर. पोचल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली किंवा सावलीत नुसतं उभं राहायचं, पाणी प्यायचं, मग बाथरूममध्ये ओल्या पंचाने मान, काख, पाठ पुसायची आणि मग ऑफिसचे कपडे. वास ताज्या घामाला येत नाही, तो त्वचेवरचे जिवाणू तयार करतात, म्हणून घरून निघताना आंघोळ करूनच निघायचं आणि सायकलचा टीशर्ट रोज धुतलेला. सुती टीशर्ट पाणी धरून ठेवतो आणि जड होतो, तो नको, पातळ सिंथेटिक चालतो, पण तो वास धरतो, एक दिवससुद्धा परत घालायचा नाही. सोमवारी आठवड्याचे कपडे ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवले की रोजचं ओझं पण कमी.

संत्रानगरी
पुण्याच्या लोकांनी उन्हाबद्दल बोलूच नये बाप्पा. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते तरी मी सायकल चालवून राह्यलो. सकाळी सात वाजता ऑफिसच्या गेटात हजर, नाश्ता तिथंच. येताना सूर्य उतरल्याशिवाय निघायचं नाही. डोक्याले ओला दुपट्टा, वरून हेल्मेट, बाटलीत मीठ-साखर-लिंबू. नुसतं पाणी ढोसलं की पोटात डुबूक डुबूक होते. पण काही दिवस असे येतात की सायकल घरी ठेवायची, त्यात काही कमीपणा नाही. लू लागली तर ऑफिस काय, दवाखान्यात जावं लागते.

ओढणी_सांभाळ
मी कुर्ता-लेगिंगमध्ये जाते आणि ऑफिसात कपडे बदलत नाही, कारण माझं अंतर पाचच किलोमीटर. ओढणी घालायचीच नाही, बॅगेत ठेवायची, गळ्यात बांधली तरी सुटते आणि मागच्या चाकात गेली तर जीवावर बेतू शकतं. कुर्त्याला दोन्ही बाजूंनी चिरा हव्यात, नाहीतर सीटच्या नाकात अडकतो आणि सिग्नलला पुढे उतरता येत नाही. सैल पँट असेल तर उजव्या पायाला केसांचा रबर. आतल्या कपड्यांच्या शिवणी कुठे येतात ते बघा, हे कुणी सांगत नाही. जीन्सची मधली चौपदरी शिवण बरोबर दाबाच्या जागी येते, सीट कितीही चांगली असली तरी रुतणारच. पॅडवाली शॉर्ट घेतली तर ती अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते, नाहीतर घासतं. बारा-तेरा किमीला लागेलच असं नाही.

आणि आरसा लावा ताई. हँडलच्या टोकाला बसणारा छोटा मिळतो. मागून टँकर येतोय की रिक्षा हे मान न वळवता कळलं की खांदे आपोआप सैल सुटतात. माझी मानदुखी आरशाने गेली असं मी म्हणते, फिजिओवाल्या ताई हसतील.

वाटी_सरकली
अजिबात हसत नाही. घाबरून खांदे कानाशी नेऊन चालवणारे किती येतात माझ्याकडे.

सपाटप्रदेशी
नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून वाचतोय. इथे ऑफिसात पोचून आंघोळ करणारं फारसं कुणी दिसत नाही कारण घाम फुटेल असं कुणी चालवतच नाही, ताठ बसून पंधरा-सोळाच्या वेगाने, थ्री-पीस सूटमध्येसुद्धा. पाना_पक्कड काकांनी वर्णन केलेली काळी रोडस्टर इथे अजून रस्त्यावर आहे, बंद चेनकव्हर, मडगार्ड, कॅरिअर, शिवाय चाकातला डायनॅमो. चढ नाहीत पण समोरचा वारा असतो आणि त्याला उतार नसतो. पावसाला रेनकोट आणि वरून घालायची पँट, छत्री धरून चालवणारेही आहेत, त्यांना माझा दंडवत. कंपनी सायकलने येणाऱ्याला किलोमीटरमागे ठरावीक मर्यादेपर्यंत करमुक्त भत्ता देऊ शकते, माझी देते. पण खरं सुख कशात आहे विचाराल तर रस्त्यात. मला इथे मागे वळून बघायची सवयच राहिली नाही, पुण्याला आलो की पहिले दोन दिवस सायकलला हात लावत नाही.

ऑफिसला_उशीर
पुण्यातही २०१७ साली सायकल आराखडा मंजूर झालाय, ८२४ किलोमीटरचं जाळं. आमच्या घरासमोरचा ट्रॅक तर इतका सुरेख आहे की त्यावर तीन चारचाक्या, एक पाणीपुरी आणि फ्लेक्सचा सांगाडा आरामात मावतो.

रंकाळ्यावरनं
ते सोडा हो, कुत्र्यांचं सांगा. आमच्या हितं पहाटे गल्लीतनं निघालं की चार-पाच मागं लागत्यात.

घाटवाट
भावा, पळायचं नाही. फिरणारे पाय आणि वेग बघूनच ती मागे लागतात. थांबायचं, उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची आणि चालत पुढे जायचं, पाच-दहा पावलांत त्यांचा रस संपतो. चावलं तर मात्र जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शन, त्यात चालढकल नाही.

सोनचाफा
बॅटरीवाली सायकल हा पर्याय कुणीच कसा सुचवला नाही? चढाला मदत मिळते, घाम नाही.

पाना_पक्कड
चांगला पर्याय आहे. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ च्या आतला वेग असेल तर नोंदणी, लायसन काही लागत नाही. पण वजन वीस किलोच्या पुढे जातं, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने आधी उचलून बघावी. आणि सीट चुकीच्या उंचीला असेल तर बॅटरीच्या सायकलवरही बूड दुखतं. :)

निवांत
मधे बरेच दिवस लिहिता आलं नाही. सीट थोडी थोडी करत चांगली चढली, पाणसळ नव्हती म्हणून मोबाइल ठेवून सपाट केली, हवा मोजून भरते. मुंग्या जवळपास गेल्या, ग्रिप अजून घेतलेली नाही. बूड अजून दुखतं पण घरी पोचता पोचता, आधी एनसीएललाच सुरू व्हायचं. सिग्नलला थांबताना मात्र आता सीटवरून पुढे उतरून उभं राहावं लागतं, त्याची सवय व्हायला वेळ लागला, पहिल्यांदा नळस्टॉपच्या सिग्नलला एका रिक्षाच्या हुडाला धरून उभी राहिले. रिक्षावाले काका म्हणाले धरा धरा, मीटर नाही टाकत. कॅरिअर बसवला, क्रेटवाली झालेय. पाठ कोरडी असते याचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

आता पावसाळ्याचं सांगा. मडगार्ड कुठलं घेऊ, आणि चेनला शिलाई मशीनचं तेल चालेल का? घरात आहे.

खाडीकिनारी
सीटपोस्टला लटकणारं शेपटीसारखं मडगार्ड मिळतं ते घेऊ नका, पाठीवर चिखलाची रेघ वाचते पण बूट आणि चेन भरतात. चाकाला पूर्ण कवेत घेणारं, दांड्यांवर बसणारं घ्या. पुढच्याला खाली रबराची जीभ लावा, जुन्या ट्यूबचा तुकडा कापून लावला तरी चालतो, बूट कोरडे राहतात ते त्या जिभेमुळे. आणि बूट रबरी सँडल प्रकारातले, ऑफिसचे तिकडेच ठेवा. बंद रेनकोटात आतून घामाने भिजायला होतं, त्यामुळे रिमझिम असेल तर मी नुसता भिजतो आणि तिकडे बदलतो.

पाना_पक्कड
शिलाई मशीनचं तेल पातळ, कोरड्या दिवसांत काम चालून जातं पण पहिल्या जोरदार सरीत धुऊन जातं आणि दुसऱ्या दिवशी चेन तांबूस. पावसाळ्यासाठी जाडसर वेट ल्यूब मिळतं ते घ्या. आधी चेन रॉकेलने किंवा डिझेलने पुसून कोरडी करा, मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, पायडल उलटं फिरवा, आणि मग, हे महत्त्वाचं, वरवरचं सगळं तेल फडक्याने पुसून टाका. तेल आत पाहिजे, बाहेर राहिलं तर मातीला आमंत्रण. ते फडकं आणि तेलाचा हात रिमला किंवा डिस्कला लागू देऊ नका.

तुमचे ब्रेक रिमवर दाबणारे आहेत की डिस्क? रिमवाले असतील तर पावसात पहिले एक-दोन फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात, मग पकड येते, त्यामुळे ब्रेक अलीकडेच हलके लावायला सुरुवात करायची. पॅडमध्ये वाळूचे आणि ॲल्युमिनियमचे कण अडकतात, कर्रकर्र आवाज यायला लागला की टोकदार सुईने ते उकरून काढा, नाहीतर रिम खात बसतात. ओल्या झेब्रा पट्ट्या, ड्रेनेजची लोखंडी झाकणं आणि कामाच्या ठिकाणी टाकलेल्या पत्र्यांवर हँडल वळवायचं नाही, ब्रेक मारायचा नाही, सरळ तरंगत जायचं.

निवांत
रिमवाले आहेत. मडगार्ड किती रुंदीचं? दुकानात दोन मापं आहेत आणि दुकानदार म्हणतो कुठलंही बसेल.

पाना_पक्कड
कुठलंही नाही बसणार. ३५ च्या टायरला ४५ मिमीचं घ्या. टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटभर जागा राहिली पाहिजे, त्याहून कमी असेल तर चिखल अडकून चाक घासतं. ब्रेकच्या खालून ते जातंय का ते दुकानातच लावून बघा, तिथेच जागा कमी पडते. आणि दांड्या कापल्यावर टोकांना प्लास्टिकच्या टोप्या लावून घ्या, पिंडरीला लागतात.